लग्नविधीत वेगळं संगीत लावायचंय? मग गाण्यांची यादी नंतर करा

मंगल कार्यालयाच्या पायऱ्या चढताना कानावर पडणारी सनई बहुधा बिस्मिल्ला खाँसाहेबांची असते आणि बहुधा ती कोणीच ऐकत नसतं. वादनात काहीच उणं नाही. पण सकाळी आठला चालू केलेली रेकॉर्ड दुपारी जेवणं उरकेपर्यंत गोल गोल फिरत राहते, आणि भिंतीवरच्या कर्ण्यातून येणाऱ्या त्या आवाजाची सगळ्यांना सवय होऊन गेलेली असते. साहजिकच लग्न ठरलेल्या मुलामुलींना वाटतं, आपल्या विधींना आपल्या आवडीचं काहीतरी असावं. कोणाला चेलो हवा असतो, कोणाला व्हिडिओ गेमचं पार्श्वसंगीत, कोणाला आजोबांच्या संग्रहातल्या जुन्या तबकड्या.

जरूर असावं. फक्त बहुतेक जण सुरुवात चुकीच्या टोकाकडून करतात. आधी चाळीस गाण्यांची यादी होते, मग ती विधींमध्ये कुठे कोंबायची याचा शोध. मराठी लग्नाला मुळात स्वतःचा आवाज आहे: गुरुजींचे मंत्र, मंगलाष्टकं, माळा पडताच उसळणारी वाजंत्री. रेकॉर्डिंगला त्यांच्यावर चढायचं नाही, त्यांच्या मधल्या फटींत बसायचं आहे. त्या फटी मोजक्या असतात. त्या सापडल्या की संगीत निवडणं फार सोपं होतं. हा लेख फक्त विधींपुरता आहे. संगीतरजनी आणि रिसेप्शनला काय वाजवायचं ते डीजेला तुमच्याआमच्यापेक्षा जास्त कळतं.

पहिली पायरी: जागा शोधा

घरातल्या माहीतगार माणसाबरोबर बसून तुमच्याकडच्या विधींचा क्रम कागदावर उतरवा. जातीपोटजातीप्रमाणे आणि घराण्याप्रमाणे तो बदलतो, त्यामुळे तयार तक्ता वापरू नका. प्रत्येक विधीसमोर दोन गोष्टी लिहा: तेव्हा कोणी बोलत किंवा म्हणत असतं का, आणि तो साधारण किती वेळ चालतो. जिथे कोणी बोलत नाही ती तुमची जागा.

पाहुणे येतात आणि आत वधू गौरीहर पुजत बसलेली असते, तेव्हाचा अर्धा-पाऊण तास ही सगळ्यात मोठी जागा. इथे प्रयोग सर्वात सुरक्षित, कारण लोक गप्पा मारत असतात. संतूर, बासरी, पियानो, जॅझ, काहीही चालेल. अट एकच, शब्द नसावेत किंवा फार थोडे असावेत.

त्यानंतर मामा वधूला बोहल्याकडे आणतो तो क्षण. हे अंतर प्रत्यक्ष चालून मोजा, तेही नऊवारी किंवा जड शालू नेसून, करवल्यांसह, फोटोवाल्याच्या ‘ताई, एक मिनिट, इकडे बघा’ यासकट. मोकळ्या हॉलमध्ये वीस सेकंदांत कापलं जाणारं अंतर त्या दिवशी दीड मिनिट घेतं. त्यामुळे इथे असा तुकडा हवा जो मध्येच कुठेही हळू करून थांबवला तरी तुटल्यासारखा वाटणार नाही. एकच लय, एकच भाव, हळूहळू भरत जाणारा.

अंतरपाट धरला की रेकॉर्डिंग पूर्ण बंद. हल्ली मंगलाष्टकांखाली तयार ट्रॅक वाजवायची टूम निघाली आहे. माझा तिला विरोध आहे. पारंपरिक मंगलाष्टकं शार्दूलविक्रीडित वृत्तात असतात, चरणाला एकोणीस अक्षरं, बाराव्या अक्षरावर यती, म्हणजे थांबा. म्हणणारा काका त्या यतीवर हवा तितका थांबतो, श्वास घेतो, कधी पुढची ओळ आठवेपर्यंत ताणून धरतो. ट्रॅक त्याच्यासाठी थांबत नाही. मग काका एका पट्टीत, ट्रॅक दुसऱ्या, आणि अक्षता भलत्याच वेळी. अपवाद एकच: लग्नाला येऊ न शकणाऱ्या माणसाने रेकॉर्ड करून पाठवलेलं मंगलाष्टक. आत्या न्यू जर्सीत अडकली असेल तर तिचं एक कडवं वाजवा, आणि आधी दोन शब्दांत सांगा की हा तिचा आवाज आहे.

आता सर्वात मोलाची जागा. ‘तदेव लग्नं सुदिनं तदेव’ सुरू झालं की बटणावर बोट. शेवटचं ‘सावधान’, अंतरपाट दूर, माळा. त्या क्षणी टाळ्या, अक्षता, ताशा आणि पाचशे लोकांचा गलका असतो. नाजूक पियानो त्यात कोणालाही ऐकू येणार नाही. इथे पहिल्या सेकंदापासून भरदार असलेला तुकडा लागतो: पितळी वाद्यं, मोठा वाद्यवृंद, ढोलाचा ठेका, अनेक आवाजांचं समूहगान. तुम्हाला आवडलेली रचना दीड मिनिटानंतर भरात येत असेल तर आधीचं दीड मिनिट निर्दयपणे कापा. मुहूर्त कोणाच्याही प्रस्तावनेसाठी थांबत नाही.

कन्यादान, विवाहहोम, लाजाहोम इथे मंत्र चालू असतात. काही लावू नका, मंद आवाजातसुद्धा नको. सप्तपदीत प्रत्येक पावलाला स्वतंत्र मंत्र असतो. सात पावलांना सात धून लावण्याची कल्पना कागदावर छान दिसते, पण पाटावर साडी सांभाळत चालणाऱ्या मुलीला ती जाचते. सातवं पाऊल पडल्यावर एक छोटा तुकडा पुरे.

सूनमुख, झाल आणि पाठवणी या शेवटच्या जागा. पाठवणीला रडवणारी गाणी लावायची आपल्याकडे जुनी खोड आहे. मुलगी कोथरूडहून बाणेरला चाललेली असते आणि स्पीकरवर मात्र सातासमुद्रापार जाण्याचा आकांत. ज्यांना रडू यायचं त्यांना ते येतंच, त्याला धक्का द्यायची गरज नाही. बाप-लेक गाडीत एकत्र म्हणायचे ते एखादं गाणं, किंवा त्याची वाद्यावरची धून, इथे जास्त शोभते.

एवढं करून हातात साधारण पाच-सहा जागा राहतात. म्हणजे पाच-सहाच निवडी.

दुसरी पायरी: गुरुजींशी बोला, तेही महिनाभर आधी

गुरुजी नाही म्हणतील ही भीती बहुतेक वेळा फुकटची असते. प्रश्न नेमका विचारायला हवा. ‘आम्हाला वेगळं म्युझिक हवंय’ म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर डीजे उभा राहतो. त्याऐवजी असं बोला:

‘गुरुजी, माळा घातल्यावर दीड मिनिट एक वाद्यसंगीत लावायचं मनात आहे. चालेल का?’

‘लावा की. मला पुढचा संकल्प सांगायचा असतो, तेव्हा मी हात वर केला की बंद करायचं. आणि माझा माईक त्या गडबडीत बंद करू नका, गेल्या खेपेला तेच झालं होतं.’

हाताची ही खूण ठरली की निम्मं काम झालं. पुण्याच्या ज्ञानप्रबोधिनीच्या पद्धतीने, मंत्रांचा मराठीत अर्थ सांगत विधी होणार असतील तर बोलण्याचा भाग जास्त असतो आणि संगीताला जागा आणखी कमी. तिथे दोन-तीन तुकड्यांवर समाधान माना.

सगळी लग्नं होम-सप्तपदीची नसतात. सत्यशोधक पद्धतीत जोतीराव फुल्यांनी १८७३ साली समाज स्थापल्यानंतर त्याच वर्षी पहिलं लग्न लागलं, आणि १८८७ मध्ये मंगलाष्टकांसह पूजाविधीची पुस्तिका निघाली. तिथली मराठी मंगलाष्टकं वधूवरांच्या परस्परांना दिलेल्या शब्दांची आहेत, तेव्हा त्यांच्या आधी आणि नंतर शांतता हवी. बौद्ध विवाहात त्रिशरण, पंचशील, जयमंगल अष्टगाथा हे सगळं म्हटलं जातं. मोकळी जागा प्रवेशाला आणि पुष्पहारांनंतर. गोव्यात चर्चमध्ये लग्न असेल तर पाद्रींची परवानगी पहिली. बऱ्याच ठिकाणी प्रार्थनाविधीत रेकॉर्डिंगपेक्षा प्रत्यक्ष गायकवृंदालाच पसंती असते, त्यामुळे तुमची निवड बाहेरच्या अंगणात किंवा घरी, मांडो या गोव्याच्या पारंपरिक गाण्यांच्या बैठकीच्या आधी ठेवा.

नोंदणी विवाहाची गोष्ट पूर्ण वेगळी. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली तीस दिवसांची नोटीस, मग तीन साक्षीदार, घोषणा आणि सह्या. कार्यालयात संगीताला वाव नाही. पण त्यानंतर घरी किंवा एखाद्या छोट्या सभागृहात जो पंधरा-वीस मिनिटांचा कार्यक्रम कराल त्याला कोणताच ठरलेला आवाज नसतो, आणि तिथे संगीतच विधी उभा करतं. अशा वेळी प्रवेश, हार, दोन-चार जणांचं बोलणं आणि शेवट, प्रत्येक टप्प्याला रेकॉर्डिंग ठेवलं तरी जास्त होत नाही.

तिसरी पायरी: निवड

लांबी, प्रहर (म्हणजे रागाची दिवसातली ठरलेली वेळ) आणि शब्द या तीन चाळण्यांतून प्रत्येक तुकडा काढा.

लांबीच्या बाबतीत माझी पहिली शिफारस ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांची. १९०२ साली कोलकात्यात गायिका गौहर जान यांची ध्वनिमुद्रणं झाली, त्या सुमारास आपल्याकडे हा प्रकार सुरू झाला. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावायची, त्यामुळे तासाभराचा राग कलावंताला तेवढ्यात आटोपशीर मांडावा लागे. विधींच्या फटी नेमक्या याच मापाच्या असतात. त्या काळातली सारंगी, सतार, जलतरंग, क्लॅरिनेट यांची वादनं आज इंटरनेटवर सहज ऐकायला मिळतात आणि लग्नात कोणीच लावत नाही. तबकडीची खरखर थोडी राहू द्या. पाहुणे येतानाच्या वेळेत ती छान वाटते. माळांच्या गलक्यात मात्र या तबकड्या टिकत नाहीत.

लांब वादन हवं असेल तर १९६७ चा ‘कॉल ऑफ द व्हॅली’ हा शिवकुमार शर्मा, ब्रिजभूषण काब्रा आणि हरिप्रसाद चौरसिया यांचा अल्बम गौरीहराच्या वेळेला चपखल बसतो. संतूर, गिटार आणि बासरी. नव्या पिढीला तो वेगळा वाटतो, मोठ्यांना ओळखीचा.

प्रहराचं फार सोवळं पाळायची गरज नाही, पण प्रत्येक घरात एखादे गाण्यातले काका असतात. सकाळी नऊच्या मुहूर्ताला यमन लावलात तर ते दिवसभर त्याच्यावरच बोलतील. सकाळी अहिरभैरव, दुपारच्या मुहूर्ताला वृंदावनी सारंग, गोरज मुहूर्ताला पूरिया धनाश्री किंवा यमन, आणि निरोपाला भैरवी असं ठेवलं तर काका स्वतःच शेजाऱ्याला समजावून सांगतील की पोरांनी विचार केलाय. मारवा मात्र गोरजाचा असूनही टाळा. त्यातली हुरहूर मंगल वाटत नाही.

शब्दांची चाळणी सर्वात कडक हवी. आपल्या ठुमऱ्या, गझला आणि निम्मी भावगीतं विरहाची आहेत. मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ‘पिया बिन नाही आवत चैन’ ही ठुमरी काय सुंदर. पण तिच्या पहिल्याच ओळीत प्रियकर जवळ नाही. परभाषेतल्या गाण्याचं तर दुसरं आणि तिसरं कडवंही वाचा. पोलीस या बँडचं १९८३ चं ‘एव्हरी ब्रेथ यू टेक’ जगभर लग्नांत वाजतं, आणि त्यातला माणूस सोडून गेलेल्या बाईवर पाळत ठेवून आहे. वधूच्या प्रवेशाला आपल्याकडच्या हॉटेलांतही आता लावली जाणारी ती पाश्चात्त्य ‘ब्रायडल कोरस’ची धून वाग्नरच्या १८५० च्या ‘लोहेनग्रीन’ या ऑपेरातली. त्या ऑपेरातलं लग्न पहिल्या रात्रीपलीकडे टिकत नाही. धूनच हवी असेल, गोष्ट कोणाला ठाऊक नसेल, तर लावा बापडे. पण माहीत असून लावा.

आता जो साठा फार कमी लोकांना सुचतो तो: जात्यावरच्या ओव्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून लाखाच्या वर ओव्या जमवल्या. त्यांतल्या अनेकांची ध्वनिमुद्रणं पारी (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर शब्दांसह ऐकता येतात. भाऊ, माहेर, लेकीचं लग्न, व्याह्यांचा मान, सगळं त्यात आहे. हळदीला किंवा घाणा भरताना, जिथे आता गाणाऱ्या बायका उरल्या नाहीत तिथे, या ओव्या फार जवळच्या वाटतात. मात्र ऐकून निवडा. सासुरवासाच्या ओव्याही तितक्याच आहेत, आणि व्याह्यांसमोर त्या लागल्या तर प्रसंग बिकट.

त्याहून जवळचं म्हणजे घरातलाच आवाज. आजीला ओव्या, आरती, पाळणा काही येत असेल तर आत्ताच रेकॉर्ड करा. कपड्यांनी भरलेल्या कपाटाजवळ बसवा, पंखा आणि फ्रीज बंद, फोन तोंडापासून दीड वीत दूर आणि जरा बाजूला, म्हणजे श्वासाचा फुत्कार येत नाही. पहिल्यांदा ती फोनकडे बघत म्हणेल आणि आवाज आखडेल. तिला तीनदा म्हणू द्या. तिसऱ्यांदा ती फोन विसरलेली असते.

चौथी पायरी: घरची मंडळी

‘आम्ही काहीतरी हटके करतोय’ अशी दवंडी पिटू नका. दवंडी ऐकली की विरोध उभा राहतो. निवडलेले तुकडे रविवारी चहाच्या वेळी नुसते घरात लावून बघा. ‘काय छान आहे हे’ किंवा ‘बंद कर ते’ यांपैकी एक उत्तर आपोआप मिळतं. दोन्ही घरांना एकेक नकार द्यायची मुभा ठेवा, कारण न विचारता. आणि सनई पूर्ण हद्दपार करू नका. कार्यालयात शिरताना ती नसली तर आजोबांना खरंच चुकल्यासारखं होतं. दाराशी सनई, बोहल्याजवळ तुमचं, ही वाटणी बहुतेक घरांत खपते. सनईच वेगळी हवी तर सोलापूरकडची सुंदरी ऐका. आकाराने छोटी, आवाजाने तिखट आणि लाघवी.

पाचवी पायरी: फायली तयार करणं

हा भाग कंटाळवाणा आहे आणि बहुतेक फजित्या इथेच होतात.

यूट्यूबवरून किंवा कुठल्याही ॲपवरून थेट वाजवू नका. विकत घेतलेल्या किंवा रीतसर उतरवलेल्या फायली हव्यात, फोनमध्येच साठवलेल्या. ऑडॅसिटी हा फुकट प्रोग्राम पुरेसा आहे. त्यात प्रत्येक तुकड्याची नको असलेली सुरुवात कापा, शेवटी पाच-सहा सेकंदांचा उतार द्या, आणि ‘लाऊडनेस नॉर्मलायझेशन’ वापरून सगळ्यांची पातळी एकाच आकड्यावर आणा. नाहीतर तबकडीच्या कुजबुजीनंतर आजचं रेकॉर्डिंग अंगावर धावून येतं.

मग स्टिरिओचं मोनो करा, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूंचा आवाज एकत्र करा. हे का, ते एका भाच्याच्या लग्नात पाहिलं. सरोद आणि गिटारची जुगलबंदी होती. घरी हेडफोनवर सरोद डाव्या कानात, गिटार उजव्या. कार्यालयाच्या मिक्सरमध्ये दोनपैकी एकच पिन खोचलेली. वधू चालत आली ती नुसत्या गिटारच्या साथीवर, सरोद गायब. पाहुण्यांना वाटलं, असंच असेल काहीतरी मॉडर्न. मोनो फाईल असती तर एका पिनेतूनही दोन्ही वाद्यं आली असती.

फायलींची नावं गाण्यावरून ठेवू नका, जागेवरून ठेवा: ‘१ पाहुणे’, ‘२ वधू’, ‘३ माळा’. बटण दाबणाऱ्याला राग ओळखता यायची गरज नसावी. हाच संच एमपी३ स्वरूपात पेनड्राइव्हवरही घ्या, कारण कार्यालयातल्या जुन्या प्लेअरला दुसरं काही वाचता येत नाही.

सहावी पायरी: कार्यालय आणि साऊंडवाला

आदल्या दिवशी सीमांतपूजनाच्या आधी वीस मिनिटं मागून घ्या. साऊंडवाल्याला चहा पाजा, नाव विचारा. कर्णे आहेत की पेटीचे स्पीकर, ते बघा. कर्ण्यातून चेलोचा खर्ज येतच नाही. उरतो तो नाकातला आवाज. फक्त कर्णे असतील तर बासरी, व्हायोलिन, सनई, माणसाचा आवाज यांकडे वळा किंवा दोन पेटी स्पीकर भाड्याने आणा. रिकाम्या हॉलमध्ये आवाज घुमतो, माणसं भरली की दबतो. म्हणून तालमीत जी पातळी जरा जास्त वाटेल ती त्या दिवशी बरोबर बसते.

जोडणी वायरने करा, ब्लूटूथने नको. फोनसाठीचा टाइप-सी जोड, तिथून दोन पिनांची वायर आणि एक पावइंची जाडी पिन, हे तिन्ही स्वतःचं न्या. फोन फ्लाइट मोडवर टाका, पण त्याने गजर बंद होत नाही. तो वेगळा बंद करा.

बटण कोणाच्या हाती? वधूच्या भावाच्या नको, त्याला कानपिळी आहे. मामाच्या नको, तो वधूला आणतोय. जवळचे सगळे फोटोत असतात. असा मित्र किंवा मैत्रीण निवडा जिला विधींचा क्रम पाठ आहे आणि फोटोत यायची हौस नाही. साऊंडचं टेबल बऱ्याचदा खांबाआड किंवा स्टेजमागे असतं, तिथून अंतरपाट दिसत नाही. मग मध्ये दुसरा माणूस उभा करून खुणेची साखळी लावा. आणि या दोघांना जेवायला पहिल्या पंगतीला बसवू नका, पाठवणीआधी हात वाळवत पळत यावं लागतं. त्यांची पानं राखून ठेवायला आचाऱ्याला सांगा.

कायदा आणि व्हिडिओ

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२(१)(झेडए) प्रमाणे धार्मिक समारंभात, आणि स्पष्टीकरणानुसार लग्नाच्या वरातीत व लग्नाशी जोडलेल्या सामाजिक उत्सवांत, ध्वनिमुद्रण वाजवणं हा हक्कभंग धरला जात नाही. केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये जाहीर सूचना काढून हे पुन्हा सांगितलं. गोवा सरकारने जानेवारी २०२४ मध्ये तसंच परिपत्रक काढलं. ते मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ऑगस्ट २०२४ मध्ये रद्द केलं. मूळ कलम कायम आहे, म्हणून विधींची काळजी नको, पण हॉटेलात संगीतरजनी किंवा रिसेप्शन असेल तर परवान्याचे पैसे कोण भरणार ते हॉटेलकडून लेखी घ्या. उघड्यावर लाऊडस्पीकर रात्री दहा ते सकाळी सहा बंद, हे ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांत आहे. गोरज मुहूर्तानंतर लॉनवर रेंगाळणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

ही सूट समारंभात वाजवण्यापुरती. तोच व्हिडिओ यूट्यूब किंवा इन्स्टाग्रामवर टाकला की आवाज बंद होऊ शकतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क आपल्याकडे प्रसिद्धीनंतर साठ वर्षं असतो, त्यामुळे जुन्या तबकड्यांचा इथेही फायदा. रचनेचा आणि शब्दांचा हक्क मात्र वेगळा मोजला जातो. व्हिडिओवाल्याला सांगा की मिक्सरमधून थेट वायर घे आणि माळांच्या वेळचा मूळ आवाज तसाच ठेव. सांगितलं नाही तर तो त्यावर आपल्या साठ्यातलं गाणं चिकटवतो. बोलणं बयाणा देतानाच करा. नंतर त्याच कामाचे तो एडिटिंगचे वेगळे पैसे लावतो.